मात्रा आणि वेळ

१९७१ च्या एप्रिलमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात आठ तरुण मुलींच्या आजाराची हकिकत छापून आली. पंधरा ते बावीस वर्षांच्या या मुलींना योनिमार्गाचा कर्करोग झाला होता, आणि तो त्या वयात जवळपास कधीच आढळत नाही. बोस्टनच्या आर्थर हर्ब्स्ट यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक रुग्णामागे चार निरोगी मुली तुलनेला घेतल्या आणि सगळ्यांच्या आयांकडे चौकशी केली. आठपैकी सात आयांनी ती मुलगी पोटात असताना डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल, थोडक्यात डीईएस, हे औषध घेतले होते. तुलनेतल्या बत्तीस आयांपैकी एकीनेही ते घेतलेले नव्हते. डीईएस म्हणजे कारखान्यात बनवलेले स्त्रीसंप्रेरक. लंडनमध्ये एडवर्ड चार्ल्स डॉड्स यांनी ते १९३८ मध्ये तयार केले आणि पुढे गर्भपात टळावा म्हणून ते लाखो गरोदर स्त्रियांना देण्यात आले. त्याने गर्भपात टळत नाही, हे शिकागोतल्या मोठ्या चाचणीत १९५३ मध्येच दिसले होते. तरीही पुढची अठरा वर्षे डॉक्टर ते लिहून देत राहिले. त्या गोळीने आईला तेव्हा काही झाले नाही. गोळी घेणारी सुखरूप बाळंत झाली, मूल वरून धडधाकट दिसले, आणि जे बिघडायचे होते ते वीस वर्षांनी, मूल वयात आल्यावर उघडकीला आले. त्याच मात्रेत, त्याच दिवशी, त्याच शरीरात दोन जीव होते. एकाला ती गोळी सोसली, दुसऱ्याला सोसली नाही.

या पुस्तकाच्या विषयाची सगळी गुंतागुंत या एका घटनेत आहे. विषाचा विचार करताना आपण सोळाव्या शतकातल्या पॅरासेल्ससने घालून दिलेल्या दंडकाने चालतो: कोणताही पदार्थ विष ठरतो तो त्याच्या मात्रेमुळे. हा दंडक खोटा नाही. सर्पदंश, दारू, आर्सेनिक यांना तो चोख लागू पडतो, आणि जगभरचे कीटकनाशकांचे, अन्नातल्या अवशेषांचे, पिण्याच्या पाण्याचे कायदे त्यावरच उभे आहेत. लैंगिक संप्रेरकांच्या कारभारात ढवळाढवळ करणाऱ्या रसायनांना मात्र तो अपुरा पडतो, असे माझे म्हणणे आहे. तिथे ‘किती’ या प्रश्नाच्या आधी ‘केव्हा’ हा प्रश्न यावा लागतो. तो न विचारल्यामुळे आपण एकामागून एक रसायने सुरक्षित म्हणून बाजारात आणली आणि तीस-चाळीस वर्षांनी मागे घेतली.

संप्रेरकांचे काम मुळातच अत्यल्प मात्रेवर चालते. प्रौढ पुरुषाच्या एक मिलिलिटर रक्तात इस्ट्रॅडिओल असते ते काही दशक पिकोग्रॅम, आणि एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्याशा रेणूंनी पेशीतल्या ग्राहींना चिकटायचे आणि कोणते जनुक चालू करायचे, कोणते बंद ठेवायचे हे ठरवायचे. बाहेरून आलेले रसायन इथे तीन-चार तऱ्हांनी घोळ घालते. कधी ते इस्ट्रोजेनच्या ग्राहीला चिकटून खोटा निरोप देते. डीईएसने हेच केले. कधी ते टेस्टोस्टेरॉनची जागा अडवून बसते आणि खरा निरोप पोहोचू देत नाही. कधी, प्लॅस्टिक मऊ करायला वापरतात त्या थॅलेटांप्रमाणे, वृषणातल्या पेशींना टेस्टोस्टेरॉन तयारच करू देत नाही. कधी संप्रेरकांची रवानगी करणाऱ्या यकृतातल्या विकरांचा वेग बदलते. प्रौढ शरीरात असा घोळ बऱ्याचदा निस्तरला जातो, कारण मेंदूतली पीयूषिका रक्तातली पातळी पाहून कमी-जास्त करत असते. गर्भात ही सोय अजून पुरती बसलेली नसते. मानवी गर्भात साधारण आठव्या ते चौदाव्या आठवड्यात टेस्टोस्टेरॉनच्या जोरावर पुरुष अवयवांची आखणी होते. त्या काही आठवड्यांत निरोप कमी पडला, तर नंतर कितीही टेस्टोस्टेरॉन मिळाले तरी ती आखणी पुन्हा होत नाही. पेरणीनंतर पडलेला दोन इंच पाऊस आणि खळ्यावर धान्य असताना पडलेला दोन इंच पाऊस पर्जन्यमापकात सारखाच भरतो, पण शेतकऱ्याला त्यातला फरक समजावून सांगावा लागत नाही.

औषध म्हणून न घेतलेली, पर्यावरणात मिसळलेली रसायनेही असा घोळ घालतात, हे प्रथम ध्यानात आले ते माणसांवरून नव्हे, प्राण्यांवरून. फ्लोरिडातल्या अपॉप्का सरोवराकाठच्या एका रासायनिक कारखान्यातून १९८० मध्ये डायकोफॉल हे कीटकनाशक पाण्यात गेले. त्यात डीडीटीची भेसळ होती. पुढच्या काही वर्षांत तिथल्या सुसरींची पिल्ले दिसेनाशी झाली. जीवशास्त्रज्ञ लुई गिलेट यांनी तपासले तेव्हा अंडी उबत नव्हती, नर पिल्लांत टेस्टोस्टेरॉन कमी होते आणि त्यांची लिंगे खुजी राहिली होती. डीडीटी दुबळ्या इस्ट्रोजेनसारखे वागते हे आधीपासून ठाऊक होते, म्हणून सगळे इस्ट्रोजेनच शोधत होते. १९९५ मध्ये कळले की डीडीटीपासून शरीरात बनणारे आणि वर्षानुवर्षे चरबीत साठून राहणारे डीडीई हे टेस्टोस्टेरॉनच्या ग्राहीला अडवते. नर मादीसारखे दिसत होते ते स्त्रीसंप्रेरक वाढल्यामुळे नव्हे, तर पुरुषसंप्रेरकाला वाट न मिळाल्यामुळे. हा भेद बारीक वाटेल, पण याच भेदाने या शास्त्राला शिस्त लावली. त्याआधी ‘इस्ट्रोजेनसारखे’ हा एकच शिक्का सगळ्यांवर मारला जात होता.

समुद्रातली गोष्ट याच्या अगदी उलट, म्हणून अधिक पटणारी. जहाजांच्या बुडाला शिंपले आणि शेवाळ चिकटू नये म्हणून लावायच्या रंगात ट्रायब्युटिल टिन घालत असत. इंग्लंडच्या बंदरांजवळच्या डॉग व्हेल्क या शंखवर्गीय प्राण्याच्या माद्यांना १९७० च्या सुमारास पुरुषलिंग फुटलेले आढळले. ते वाढत जाऊन अंडी बाहेर टाकायची वाट बुजवते आणि मादी अंडी पोटात अडकून मरते. लिटरभर पाण्यात एका नॅनोग्रॅमच्या आसपास टिन असले तरी हे सुरू होते. फ्रान्सच्या आर्काशोन खाडीतला कालवांचा धंदा बसला, तेव्हा १९८२ मध्ये फ्रेंच सरकारने लहान नौकांवर त्या रंगाला बंदी घातली. कालवांची किंमत बाजारात मोजता येते, बिचाऱ्या व्हेल्कची येत नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या शंखांतही हा विकार गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी नोंदवला आहे. जागतिक बंदीचा करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये अमलात आला.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: बंदर असो वा सरोवर, तिथे शंभर प्रकारची घाण असते, दोष नेमका कोणाचा हे कसे ठरवणार? या आक्षेपाला कॅनडातल्या एका सरोवराने उत्तर दिले. ओंटारियोच्या वायव्य भागात संशोधनासाठी राखून ठेवलेली काही निर्मळ सरोवरे आहेत. त्यातल्या २६० क्रमांकाच्या सरोवरात कॅरन किड यांच्या गटाने २००१ ते २००३ अशी तीन वर्षे, उन्हाळ्यात, गर्भनिरोधक गोळ्यांतले इथिनिल इस्ट्रॅडिओल मिसळले. प्रमाण लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम, म्हणजे शहरांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात जेवढे सापडते त्याच पट्टीतले. पंचवीस लाख लिटरच्या जलतरण तलावाला हे प्रमाण गाठायला पंधरा मिलिग्रॅमसुद्धा लागत नाही. तेवढ्यावर फॅटहेड मिनो या लहान माशांचे नर अंड्यातल्या बलकाचे प्रथिन तयार करू लागले, आणि काही वर्षांत त्या सरोवरातून हा मासा जवळजवळ नाहीसा झाला. एकच पदार्थ, मोजून घातलेला, शेजारी तुलनेला सरोवरे, आणि आधीच्या वर्षांच्या नोंदी हाताशी. याहून स्वच्छ पुरावा निसर्गात मिळणे कठीण.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मासे आणि सुसरी पाण्यात बुडून असतात, शंखांची संप्रेरके वेगळी, माणसाबद्दल बोला. इथे प्रयोग करता येत नाही, पण अपघात झाले आहेत आणि जपून ठेवलेले रक्त आहे. १० जुलै १९७६ रोजी इटलीत मिलानजवळच्या सेवेसो गावावर एका कारखान्यातून डायॉक्सिनचा ढग पसरला. लोकांच्या रक्ताचे नमुने तेव्हाच घेऊन ठेवले होते, म्हणून पुढे पाओलो मोकारेल्ली यांना कोणाला किती डोस मिळाला हे अंदाजाने नव्हे, मोजून सांगता आले. ढग आला तेव्हा ज्यांचे वय एकोणीसच्या आत होते, अशा पुरुषांना पुढे झालेल्या अपत्यांत मुलग्यांचे प्रमाण ३८ टक्क्यांच्या आसपास निघाले. एरवी ते ५१ टक्क्यांच्या जवळ असते. त्याहून बोलका निष्कर्ष शुक्राणूंचा आहे. अपघाताच्या वेळी जी मुले दहा वर्षांच्या आतली होती, त्यांची शुक्राणूसंख्या मोठेपणी घटलेली आढळली. जी दहा ते सतरा वर्षांची होती, त्यांची उलट वाढलेली. जे अठराच्या पुढचे होते, त्यांच्यात फरकच नाही. तिन्ही वयोगट एकत्र करून सरासरी काढली असती, तर डायॉक्सिनचा शुक्राणूंवर काही परिणाम होत नाही असा निर्वाळा देता आला असता, आणि तो आकडेशास्त्राच्या दृष्टीने बिनचूक ठरला असता!

कॅलिफोर्नियातल्या बार्बरा कोन यांचे काम याच जातीचे आहे. १९५९ ते १९६७ या काळात ऑकलंड परिसरात बाळंत झालेल्या स्त्रियांचे रक्त गोठवून ठेवलेले होते. त्यांतल्या ज्यांना पुढे स्तनांचा कर्करोग झाला त्यांचे जुने नमुने काढून कोन यांनी डीडीटी मोजले. डीडीटीचा वापर १९४५ नंतर फैलावला, तेव्हा ज्या चौदा वर्षांच्या आत होत्या, म्हणजे ज्यांचे स्तन अजून घडायचे होते, त्यांच्यात डीडीटीचे प्रमाण जास्त असणाऱ्यांना कर्करोगाचा धोका पाचपट निघाला. ज्या तेव्हा मोठ्या होत्या, त्यांच्यात असा संबंध दिसला नाही. यापूर्वी प्रौढ स्त्रियांच्या रक्तातले डीडीटी मोजून ‘संबंध नाही’ असे सांगणारे कितीतरी अभ्यास झाले होते. ते खोटे नव्हते; त्यांनी मोजमाप चुकीच्या वयात केले होते.

तिसरा आक्षेप रसायनउद्योगाचा लाडका आहे, पण म्हणून तो टाकाऊ ठरत नाही. सोयाबीनमध्ये, जवसात नैसर्गिक वनस्पतिजन्य इस्ट्रोजेने असतात. माणूस ती पिढ्यानपिढ्या खात आला आहे. प्लॅस्टिकमधले बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए, हे शरीरातल्या इस्ट्रोजेनपेक्षा हजारो पटींनी दुबळे आहे आणि यकृत काही तासांत त्याचा निचरा करते. मग एवढा गहजब कशाला? यातली विधाने खरी आहेत. पण निचरा होतो तसा भराही रोज होत असतो. अमेरिकेत २००३-०४ मध्ये सहा वर्षांवरील अडीच हजार लोकांची लघवी तपासली तेव्हा ९२.६ टक्के नमुन्यांत बीपीए सापडले. डबाबंद अन्नाच्या डब्यांचे आतले अस्तर, कडक पारदर्शक प्लॅस्टिक, दुकानातल्या उष्णतेने छापल्या जाणाऱ्या पावत्या, अशा वाटांनी ते रोज येते. आणि ही रसायने एकेकटी येत नाहीत. उंदरांवरच्या प्रयोगांत वेगवेगळी थॅलेटे प्रत्येकी निरुपद्रवी मात्रेत, पण एकत्र दिली, तर नर पिल्लांत विकृती दिसतात. आपले नियम मात्र एका वेळी एकाच रसायनाची मर्यादा ठरवतात. बीपीएविषयी शास्त्रज्ञांत एकमत आहे असा आव या पुस्तकाने आणलेला नाही आणि तो आणू नये. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा आधीच्या वीस हजाराव्या भागावर आणली. जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेने ती मान्य केली नाही आणि हजारपट सैल आकडा सुचवला. एकाच पुराव्यातून दोन जबाबदार संस्था हजारपट वेगळ्या निष्कर्षाला येतात, याचा मी लावतो तो अर्थ असा, की ‘सुरक्षित मात्रा’ नावाचा एक आकडा काढायची पद्धतच इथे ताणली जाऊन तुटायला आली आहे.

या विषयाचा सगळ्यात गाजलेला आकडा मला सगळ्यात कच्चा वाटतो, हेही सांगून टाकतो. १९९२ मध्ये कोपनहेगनहून आलेल्या अभ्यासाने पुरुषांची शुक्राणूसंख्या पन्नास वर्षांत मिलिलिटरला ११.३ कोटींवरून ६.६ कोटींवर आली असे म्हटले. हगाई लेव्हिन आणि शॅना स्वान यांच्या २०१७ आणि २०२२ च्या संकलनांनीही मोठी घसरण दाखवली. पण जुन्या काळी मोजणीची तऱ्हा वेगळी होती, तपासणीला येणारे पुरुष कोण होते हे दरवेळी सारखे नव्हते, आणि लठ्ठपणा, तंबाखू, बैठे काम, उष्णता ही कारणे रसायनांपासून सोडवून काढणे अवघड आहे. घसरण झाली असावी असे मला वाटते. ती प्रदूषकांनीच केली असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. आणखी एक गोष्ट खटकते. या आकड्यांचा आधार घेऊन ‘पुरुष बायकी होत चालले’ असा ओरडा करणारे लोक जगभर निघाले आहेत. समलिंगी किंवा तृतीयपंथी माणसांना प्रदूषणाची पैदास ठरवणे हे या शास्त्रात कुठेही बसत नाही. ही माणसे डीडीटीच्या आधी हजारो वर्षे होती. अंडकोष खाली न उतरणे, मूत्रमार्गाचे छिद्र भलत्या जागी असणे, कर्करोग, वंध्यत्व ही दुखणी आहेत. कोणी कसे असावे हा दुखण्याचा विषय नाही.

भारतीय वाचकाला हा विषय परका वाटू नये यासाठी कासारगोडचे नाव पुरेसे आहे. केरळच्या या उत्तरेकडच्या जिल्ह्यात सरकारी महामंडळाच्या काजूबागांवर वीसहून अधिक वर्षे, २००० सालापर्यंत, हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले गेले. कीड होती ती आपल्या कोकणातले बागायतदार जिला ढेकण्या म्हणतात तीच. बागा डोंगरमाथ्यावर, वस्ती आणि पाण्याचे झरे खाली. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथल्या दहा ते एकोणीस वर्षांच्या ११७ मुलांची तुलना दूरच्या गावातल्या ९० मुलांशी केली. निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. फवारणीच्या गावातल्या मुलांच्या रक्तात एंडोसल्फान कितीतरी जास्त होते, ती वयात उशिरा येत होती, आणि त्यांच्यात टेस्टोस्टेरॉन वयाच्या मानाने कमी होते. नमुना लहान होता, ही टीका रास्त आहे. कासारगोडमधल्या प्रत्येक व्यंगाला एंडोसल्फान कारण आहे असेही त्यावरून सिद्ध होत नाही. तरी वीस वर्षे आकाशातून फवारणी चालू असताना मोठ्या नमुन्याचा अभ्यास कोणी केला नव्हता, आणि लहान अभ्यास झाल्यावर तो लहान आहे अशी तक्रार झाली, यात न्याय कुठे आहे? सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या मे महिन्यात देशभर एंडोसल्फान थांबवले आणि २०१७ मध्ये बाधितांना प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला केरळ सरकारला सांगितले.

त्याच २०१७ च्या हंगामात यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती विषबाधा सगळ्यांना दिसली, कारण माणसे इस्पितळात आली. संप्रेरकांवरच्या परिणामाला इस्पितळात खाट लागत नाही, म्हणून त्याची मोजदादही होत नाही. महाराष्ट्रात उसात आणि मक्यात मारले जाणारे ॲट्राझीन हे तणनाशक घ्या. कॅलिफोर्नियाच्या टायरोन हेझ यांनी २००२ मध्ये अब्जात ०.१ भाग एवढ्या ॲट्राझीनने बेडकांच्या नरांत अंडाशये वाढल्याचे दाखवले. उत्पादकाच्या खर्चाने झालेल्या प्रयोगांत तसे दिसले नाही. वाद मिटलेला नाही. युरोपने भूजलातल्या अवशेषांच्या कारणावरून त्याची मान्यता काढून घेतली. आपल्या केंद्र सरकारने मे २०२० मध्ये बंदीसाठी प्रस्तावित केलेल्या सत्तावीस कीडनाशकांत ॲट्राझीन होते. पुढे प्रत्यक्षात त्यातली मोजकीच बंद झाली.

खर्चाचा आक्षेप उरतो. डीडीटीने हिवताप रोखला, हे खरे आहे. चिवट प्रदूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारानेही रोगवाहक डासांसाठी त्याला मुभा ठेवली, आणि आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या रसायनीत ते सरकारी कारखान्यात बनत आले. मुलाला हिवतापाने मरू द्यायचे की पुढे कर्करोगाचा धोका पत्करायचा, अशी निवड ज्याच्यापुढे आहे त्याला उपदेश करू नये. पण नखे रंगवायच्या बाटलीत, खेळण्यात किंवा पावतीच्या कागदात जे असते, त्याच्या बाजूने हा युक्तिवाद करता येत नाही. आणि एक रसायन काढून त्याचे भावंड आणणे ही सुधारणा नव्हे. भारतीय मानक ब्युरोच्या २०१५ च्या मानकाने बाळाच्या दुधाच्या बाटल्यांतून बीपीए बाद केले, हे ठीक झाले. पण जगभर ‘बीपीएमुक्त’ मालात त्याच्याऐवजी बिस्फेनॉल एस वापरले गेले, आणि तेही इस्ट्रोजेनच्या ग्राहीला चिकटते.

घरातले कोणते डबे फेकायचे याची यादी पुढच्या प्रकरणांत मिळणार नाही. ती ज्याची त्याने करावी, पण त्याने प्रश्न सुटणारा नाही, कारण गर्भातल्या त्या सहा आठवड्यांत बहुतेकींना आपण गरोदर आहोत हे जेमतेम कळलेले असते. मागायचे असेल तर सरकारकडे दोन गोष्टी मागाव्यात. नव्या कीडनाशकाला परवाना देताना गर्भावस्थेतल्या आणि वयात येतानाच्या परिणामांची चाचणी सक्तीची करावी आणि तिचे निष्कर्ष लोकांना पाहायला मिळावेत. दुसरे, अमेरिकेत १९९९ पासून नागरिकांच्या रक्त-लघवीतली रसायने नियमित मोजून आकडे जाहीर केले जातात. आपल्याकडे तसा राष्ट्रीय कार्यक्रम नाही, आणि तो सुरू करायला आणखी एका कासारगोडची वाट पाहू नये.